‘रेन’ला ‘पेन’ जुळतं का?

भाची पाचवीत आहे, लातुरात, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. मागच्या चाचणीत एक प्रश्न होता : ‘रेन’ला यमक जुळणारे पाच शब्द लिहा. तिनं लिहिलं ट्रेन, ब्रेन, चेन, पेन, टेन. शेवटच्या दोन्हींवर लाल फुली, पाचपैकी तीन गुण. दप्तर दिवाणावर आपटून तिनं पेपर माझ्यापुढं धरला. “मामा, तुम्हीच म्हणून बघा. रेन, पेन. जुळायलंय का नाही?”

म्हणून बघितलं. जुळत होतं. चारदा म्हणालो, चारही वेळा जुळलं.

रेन आणि ट्रेन यांचं यमक लातूरकराला शाळेत शिकावं लागत नाही. रेननं पाठ फिरवली म्हणून २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ट्रेननं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटरच्या आसपास. पण पेनमध्ये काय चुकलं?

इंग्रजीत पक्कं यमक कशाला म्हणायचं, याचा नियम कडक आहे. शब्दातल्या ज्या स्वरावर शेवटचा जोर पडतो, तिथून पुढचं सगळं ऐकायला हुबेहूब सारखं हवं आणि त्या स्वराच्या आधीचं वेगळं हवं. स्पेलिंगला इथं कवडीची किंमत नाही. ‘लेन’ ए-एन-ईवर संपतो, शीर या अर्थाचा ‘व्हेन’ ई-आय-एनवर, ‘कॅम्पेन’च्या शेपटात तर न उच्चारला जाणारा ‘जी’ बसलाय. तरी सगळी रेनची सख्खी भावंडं. (‘केन’ म्हणजे ऊस हाही त्यातलाच. मराठवाड्यात रेन आणि केन यांचं नातं यमकाच्या फार पुढं गेलंय, तो विषय वेगळा.) उलट ‘माउंटन’ आणि ‘कॅप्टन’ यांच्या स्पेलिंगच्या शेवटी रेनसारखंच ए-आय-एन आहे, पण जोर पहिल्या भागावर आणि शेवट गिळलेला, म्हणून ते बाद. आणि घोड्याच्या लगामाचा ‘रेन’? त्याचा ‘र’सुद्धा तोच. ते यमक झालं नाही, तोच आवाज दुसऱ्यांदा काढला एवढंच.

कॉम्प्युटरला यमक शोधायला सांगितलं तर तोही स्पेलिंगकडं बघत नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा एक उच्चारकोश आहे, १,३४,००० हून जास्त शब्दांचा. त्यात प्रत्येक शब्द ३९ ध्वनींच्या खुणांत फोडून ठेवलाय. प्रोग्रामनं फक्त शेवटाकडून खुणा जुळवायच्या. त्या कोशात रेनच्या स्वराची खूण वेगळी आहे आणि पेनच्या स्वराची वेगळी. म्हणजे टीचरची फुली नियमाला धरूनच होती. मग माझ्या कानाला दोन्ही एक कसे वाटले?

इथून पुढचा भाग माझ्या आवडीचा आहे, जरा लांबेल.

आमच्या गल्लीत टँकर आला की बाया नळीखाली हंडा लावून बोलत उभ्या राहतात. हंड्याकडं कुणी बघत नाही. तरी पाणी काठाशी आलं की हात बरोब्बर नळीकडं जातो. कान सांगतो ते. सुरुवातीला हंडा ढबढब घुमतो, मग भरेल तसा आवाज बारीक, वर चढत जातो. पाणी वर येतं तशी आतली हवेची जागा कमी होते, आणि पोकळी जितकी लहान तितकी ती उंच सुरात घुमते.

आपलं तोंड हा असाच हंडा, फक्त पाण्याच्या जागी जीभ. कंठापासून ओठांपर्यंत मोठ्या माणसाची ही नळी साधारण १७ सेंटिमीटर. कंठाचं टोक बंद, ओठांचं उघडं. अशा नळीत सर्वांत खालच्या सुराच्या ध्वनिलहरीची लांबी नळीच्या चौपट असते, म्हणजे ०.६८ मीटर. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा आणि भागा : ५०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५०० कंपनं. त्यानंतर त्याच्या तिप्पट आणि पाचपट, १५०० आणि २५००. जीभ सैल पडलेली असताना, ‘अ’च्या जवळपासचा स्वर काढताना, तोंडाची पोकळी या सुरांना घुमते. या घुमण्याला ध्वनिशास्त्रात फॉर्मंट म्हणतात. आवाजाची पट्टी आणि फॉर्मंट यांची गल्लत करू नका. पट्टी कंठातल्या पडद्यांची, फॉर्मंट पोकळीचे. तोच ‘ए’ खालच्या पट्टीत गा नाहीतर वरच्या, तो ‘ए’च राहतो, कारण पोकळीचा आकार बदलत नाही.

आता जीभ हलवा. ढोबळ नियम असा : जीभ वर गेली की पहिला फॉर्मंट खाली येतो, जीभ पुढं सरकली की दुसरा वर चढतो. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत गॉर्डन पीटरसन आणि हॅरोल्ड बार्नी यांनी १९५२ साली ७६ जणांचे आवाज मोजून याचे आकडे छापले. पुरुषांची सरासरी बघा. ‘ई’ला पहिला २७०, दुसरा २२९०. पेनमध्ये असतो त्या आखूड ‘ए’ला ५३० आणि १८४०. त्यांनी मोजलेल्या दहा स्वरांत रेनचा स्वर नाही. तो एका जागी थांबतच नाही. पेनच्या आसपास सुरू होतो आणि न यायच्या आत ‘ई’च्या दिशेनं घसरतो : रेऽइन. पहिला आकडा उतरतो, दुसरा चढतो. हंडा भरतोय म्हणा ना.

मराठीचा ‘ए’ घसरत नाही, जीभ जिथं ठेवली तिथंच राहते. शिवाय तो एकच आहे. उदगीरहून बिदरला जा, तिथल्या कन्नडात आखूड ‘ए’ला एक अक्षर आहे आणि लांब ‘ए’ला दुसरं. तेलुगूतही तसंच. आपल्याकडं मात्र एक मात्रा, तिच्याखाली इंग्रजीचे दोन्ही स्वर कोंबायचे. फोनवर आवाजातले फॉर्मंट पट्ट्यांसारखे दाखवणारं एक अॅप फुकटात मिळतं. त्यात भाचीला बोलायला लावलं. रेन आणि पेन, दोन्हींत दुसरा पट्टा रुळासारखा आडवा. मग एका ब्रिटिश निवेदिकेचा हवामानाचा अंदाज लावला. तिच्या रेनमध्ये पट्टा चढणीला लागलेला स्पष्ट दिसला. भाचीनं फोन हातात घेऊन तो तीनदा मागं-पुढं केला आणि मग तोंड वाकडं करून “रेऽइऽन” असं म्हणून बघितलं. पट्टा चढला.

म्हणजे इंग्रजी कानाला पेन हे रेनचं कच्चं यमक : शेवटचं व्यंजन तेच, स्वर शेजारच्या घरातला. कच्च्या यमकाची दुसरी जात म्हणजे स्वर तोच आणि व्यंजन शेजारचं : गेम, नेम, सेम. ‘म’ हा ‘न’चा शेजारी कसा? दोन्हींत तोंडाचा रस्ता बंद आणि हवा नाकातून. बंद कुठं केलाय, ओठांशी की दातांमागं, एवढाच फरक. जॉर्ज मिलर आणि पेट्रिशिया नायसली यांनी १९५५ साली इंग्रजीची १६ व्यंजनं गोंगाटात ऐकवून लोक काय चुकीचं ऐकतात याचे तक्ते केले. गोंगाट वाढवला की व्यंजन तोंडात कुठं तयार झालं, ही माहिती आधी बुडते. ते नाकातलं आहे की नाही हे बराच वेळ तगून राहतं. पिठाच्या गिरणीत चक्की चालू असताना ‘दाम’ म्हणा, गिरणीवाला ‘दान’ ऐकेल, ‘दास’ ऐकणार नाही. माझ्या मते कच्च्या यमकाची याहून चांगली व्याख्या नाही : गोंगाटात जे पक्कं म्हणून खपतं ते.

मराठी यमक इंग्रजीइतकं सोवळंही नाही. ओवीचे पहिले तीन चरण जुळायचे आणि चौथा मोकळा. ज्ञानेश्वर मूळचे आपेगावचे. त्यांच्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत जुळतात ते शब्द आहेत आद्या, प्रतिपाद्या, स्वसंवेद्या. पहिल्या दोन्हींत ‘द्या’च्या आधी ‘आ’, तिसऱ्यात ‘ए’. इंग्रजी मोजपट्टीनं तिसरं कच्चं. आपल्याला खटकतं का? ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ या म्हणीत तर नुसत्या ‘ती’वर भागवलंय.

या म्हणीवरून आठवलं. म्हणीचं यमक जुळलं की ती लोकांना जास्त खरी वाटते, असं २००० साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं होतं. अर्थ तोच ठेवून यमक मोडलं की विश्वासही थोडा उतरला. स्वातीचा पाऊस रब्बी ज्वारीला खरंच लाभतो, कारण जमिनीत ओल राहते. पण कापलेलं सोयाबीन वावरात पडलंय, कापूस फुटलाय, आणि वरून स्वाती आली तर कसले मोती? म्हण ज्वारीच्या काळातली आहे, पीक बदललं तरी यमक बदललं नाही. तरी म्हणीत निदान अनुभव आहे. नक्षत्राचं वाहन बेडूक म्हणून पाऊस उदंड, असं सांगणाऱ्या पंचांगात तोही नाही, यमकही नाही.

भाचीला हे सगळं सांगितलं नाही, निम्मं सांगितलं. पुढच्या वेळी ‘अगेन’ लिही म्हणालो. तो शब्द अमेरिकेत बहुतेक जण पेनशी जुळेल असा म्हणतात, ब्रिटनमध्ये कित्येक जण रेनशी जुळेल असा. फुली मारायच्या आधी टीचरना विचार करावा लागेल.

“आणि मी पेनचं स्पेलिंग पी-ए-आय-एन केलं असतं तर? दुखतं ते पेन?”

“तर पूर्ण गुण मिळाले असते.”

“पण मामा, वाचून दाखव म्हणल्या असत्या तर मी तेच म्हणले असते की.”