मॉर्फ सापांच्या भावांची उतरंड

निवडक प्रजननातून वेगळा रंग किंवा नक्षी आणलेल्या पाळीव सापांना 'मॉर्फ' म्हणतात. त्यांचे भाव जनुकांच्या दुर्मिळतेनुसार थराथरांनी लागतात. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या दोन पिल्लांच्या भावात शंभरपटीचाही फरक असू शकतो. कॉर्न स्नेक, बोआ यांच्यातही ही उतरंड दिसते, पण ती सर्वांत ठळक आहे ती बॉल पायथनमध्ये. पश्चिम व मध्य आफ्रिकेतला हा अजगर घाबरला की वेटोळ्यात डोके लपवतो.

तळाच्या थरात 'नॉर्मल', म्हणजे रानातल्यासारखी नक्षी असलेले साप येतात. त्यांच्या वर एका जनुकाचे मॉर्फ, त्यांच्याही वर अनेक जनुके एकत्र आणलेले 'कॉम्बो', आणि शेंड्यावर नुकतेच सापडलेले, मोजक्या लोकांकडेच असलेले जनुक. थर ठरतो तो संभाव्यतेच्या गणिताने. अल्बिनो, पायबाल्ड, क्लाउन ही अप्रभावी जनुके असून ती दोन्ही पालकांकडून आली तरच दिसतात. दोन्ही पालक एका अप्रभावी जनुकाचे वाहक असतील, म्हणजे त्यांच्यात त्या जनुकाची एकच, न दिसणारी प्रत असेल, तर सरासरी चारात एक पिल्लू हवे तसे निघते. दोन जनुकांसाठी सोळात एक, तिन्हींसाठी चौसष्टात एक. मादी एका खेपेला साधारण सहाच अंडी घालते, तीही वर्षातून फार तर एकदा, आणि पक्व व्हायला तिला सुमारे तीन वर्षे लागतात. कॉम्बोचा भाव हा बराचसा या वाट पाहण्याचा भाव असतो. मादी नरापेक्षा महाग असते तीही याचमुळे, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो.

वाहक पिल्लू, म्हणजे 'हेट', दिसायला बहुधा नॉर्मलच असते. तरी त्याचा भाव जास्त, कारण ग्राहक न दिसणारे जनुक विकत घेतो. दोन वाहकांच्या नॉर्मल दिसणाऱ्या पिल्लांपैकी दोन-तृतीयांश वाहक असतात, म्हणून ती '66 टक्के हेट' म्हणून विकली जातात. इथे माल म्हणजे शक्यता, आणि तारण फक्त विक्रेत्याचा शब्द. अलीकडे टाकलेल्या कातेतल्या डीएनएवरून काही जनुके तपासता येतात, त्यामुळे हा थर थोडा भरवशाचा झाला आहे.

वरचा थर मात्र कायम वर राहत नाही, कारण विकलेला प्रत्येक साप उद्याचा प्रतिस्पर्धी असतो. बंदिस्त प्रजननातून पहिले अल्बिनो बॉल पायथन 1992 मध्ये अमेरिकेत निघाले आणि त्यांना हजारो डॉलर मोजले गेले. आज ते नवख्यांच्या आवाक्यात आहेत. पेस्टलसारखी जनुके एकाच पालकाकडून आली तरी अर्ध्या पिल्लांत दिसतात, म्हणून त्यांचा भाव भराभर कोसळतो. अप्रभावी जनुकांना पसरायला दोन पिढ्या लागतात. त्यांचा भाव जास्त काळ टिकतो.

भावाला सापाची तब्येत फारशी कळत नाही. 'स्पायडर' मॉर्फच्या डोक्याला झोके बसतात. हा दोष अंतर्कर्णाशी निगडित आहे. तरी सुंदर नक्षीमुळे आणि कॉम्बोत उपयोगी असल्याने स्पायडर वर्षानुवर्षे खपत राहिला. 'डेझर्ट' मॉर्फच्या माद्यांना अंडी घालण्यात गंभीर अडचणी येतात हे कळल्यावर मात्र प्रजननकर्त्यांनी त्याकडे पाठ फिरवली. सापाला त्रास देणारा दोष बाजाराने चालवून घेतला आणि पुढची पिढी अडवणारा घेतला नाही, असेच म्हणावे लागते.

वरच्या थरासाठी केलेल्या प्रत्येक प्रयोगात नको असलेली पिल्लेही निघतात, विशेषतः नर. ती घाऊक भावात दुकानांकडे जातात. त्यांचा भाव बहुधा पिंजरा आणि तापमान राखण्याच्या साधनांपेक्षाही कमी असतो. स्वस्त म्हणून सहज घेतलेला हा साप मात्र नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षे जगतो.