कच्च्या लिंबूला पास कोण देणार?

लहानपणी गल्लीत खेळताना कुणाचा तरी धाकटा भाऊ हट्टाला पेटला की त्याला "कच्चा लिंबू" म्हणून घ्यायचे, आठवतंय ना? आउट झाला तरी आउट नाही, पकडला तरी राज्य नाही, आणि बॉल त्याच्याकडे मुद्दाम कुणी टाकायचंही नाही. तो खुश, त्याची आई खुश, खेळ चालू. माझा भाचा ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे, आता अकरा वर्षांचा, आणि सोसायटीच्या ग्राउंडवर तो तीन वर्षं कच्चा लिंबूच होता. पोरं त्याच्याशी चांगलीच वागायची हो, तशी काही तक्रार नाही. पण एक दिवस गाडीत त्यानेच विचारलं, "मावशी, माझे रन का मोजत नाहीत?" काय सांगणार, कप्पाळ! तेव्हापासून या विषयावर जे हाताला लागेल ते वाचत सुटलेय.

पहिली गोष्ट कळली ती म्हणजे अडचण नुसती "मिसळत नाही" एवढीच नसते. 2020 साली अमेरिकेत 11 हजारांहून जास्त ऑटिस्टिक मुलांच्या पालकांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती, त्यात जवळपास 87 टक्के मुलांमध्ये हालचालींच्या अडचणीची शक्यता दिसली. आता कॅच घ्यायचा म्हणजे मेंदूला काय काय करावं लागतं बघा, बॉल आत्ता कुठे आहे हे नाही तर अर्ध्या सेकंदाने कुठे असेल हे आधीच ओळखायचं, हात तिथे पोचवायचे आणि नेमक्या क्षणी मिटायचे. हे गणित जरा उशिरा सुटलं की कॅच सुटला, कॅच सुटला की पोरं हसली, पोरं हसली की उद्यापासून ग्राउंड बंद, आणि ग्राउंड बंद म्हणजे सरावही बंद. म्हणजे ज्याला सराव सगळ्यात जास्त पाहिजे त्यालाच तो सगळ्यात कमी मिळतो.

दुसरी अडचण न सांगितलेल्या नियमांची. फुटबॉलमध्ये "मोकळी जागा बघून पळ" म्हणतात, पण मोकळी जागा म्हणजे काय हे कुणी सांगत नाही. मला वाटतं इथे आपला खो-खो भारी आहे. आठ जण एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसलेले, पाठीवर थाप आणि "खो" ऐकू आला की उठायचं, एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही, मधली पट्टी ओलांडायची नाही. कधी काय करायचं हे लख्ख ठरलेलं, अंदाज बांधायचा तो फक्त पळणाऱ्याचा. अडचण एकच, ती पाठीमागून अचानक येणारी थाप. स्पर्शाला नाजूक असलेलं मूल त्याने दचकतं. पण बऱ्याच जणांना हलक्या टपलीपेक्षा घट्ट थाप चालते, आणि ती उजव्या खांद्यावरच पडणार हे आधी ठरवलं की निम्मं काम झालं. शिट्टीचंही तेच, कानाला टोचत असेल तर पंचाने हात वर करावा, खेळाचं काय बिघडतंय?

आता कच्च्या लिंबूवरचा खरा उतारा. स्पेशल ऑलिम्पिक्सची पहिली स्पर्धा 20 जुलै 1968 ला शिकागोत झाली, ती चळवळ मुळात बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी (ऑटिझम म्हणजे तीच गोष्ट नाही, काही जणांत दोन्ही असतं). 1980च्या दशकात त्यांनी "युनिफाइड" खेळ सुरू केले, अक्षमता असलेले खेळाडू आणि नसलेले जोडीदार एकाच टीममध्ये. बास्केटबॉलमध्ये मैदानावर 3 खेळाडू आणि 2 जोडीदार, अकराच्या फुटबॉलमध्ये 6 आणि 5. जोडीदार कमी, हे मुद्दाम. आणि त्यांनीच सगळे गोल करून मॅच मारून न्यायची नाही, हेही नियमातच येतं. थोडक्यात काय तर पास द्यावाच लागतो.

यामागचा विचार जुना आहे. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मांडलं होतं की दोन गट नुसते शेजारी बसवून पूर्वग्रह जात नाहीत, दर्जा बरोबरीचा हवा, उद्देश एक हवा, सहकार्य हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. चांगल्या टीममध्ये हे चारही आपसूक येतात, कच्च्या लिंबूकडे पहिलंच नसतं.

शिवाय गप्पा मारायला लागत नाहीत! मैत्रीसाठी आधी "काय मग, कसं काय" करता आलं पाहिजे ही अट खेळात गळून पडते. एडिनबरोच्या संशोधकांनी 2020 मध्ये कानगोष्टींसारखा प्रयोग केला होता, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोचली जितकी सगळे नॉन-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत, गळती जास्त झाली मिश्र साखळीत. म्हणजे दोष एकाच बाजूचा नाही, दोघांनाही एकमेकांची भाषा कळत नाही. गंमत म्हणजे 2025 मध्ये 311 जणांवर हाच प्रयोग मोठा करून बघितला तर मिश्र साखळीही मागे पडली नाही. मला तर हे वाचून बरंच वाटलं.

एडीएचडीवाल्या (लक्ष टिकवणं अवघड, सतत चुळबूळ) पोरांचं गणित थोडं वेगळं. दम लागेल असा व्यायाम झाला की पुढे थोडा वेळ लक्ष जरा बरं टिकतं, यात मेंदूतल्या डोपामिनसारख्या रसायनांचा हात असावा असं मानतात. पण क्रिकेटमध्ये डीप फाइन लेगला उभं केलंत तर ते पोरगं फुलपाखरं मोजणार, त्याला सतत काहीतरी घडणारा खेळ द्या.

एक मात्र आहे, यातले बरेच अभ्यास छोटे, थोड्या आठवड्यांचे आणि मुलग्यांवरच जास्त झालेत. त्यामुळे "खेळाने ऑटिझम बरा करतो" असं कुठल्या क्लासवाल्याने सांगितलं तर सरळ घरी या, तो आजार नाहीच मुळी. आणि कुणाला पोहणंच आवडत असेल तर पोहू द्या की.

भाचा आता रविवारी खो-खोला जातो, बारा जणांत चौघं न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ऑटिझम, एडीएचडी वगैरे असलेली. मागच्या महिन्यात तो धावताना मागे वळला, पंचांनी फाउल दिला, गडी निसटला, आणि पोरं त्याच्यावर जाम ओरडली. घरी येईपर्यंत रडत होता. रात्री जेवताना म्हणाला, "पण फाउल मोजला माझा." पुढच्या रविवारी आमच्या आधी बूट घालून दारात उभा.