उपवासकाळ (लेंट)

ईस्टरपूर्वीचा (येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीचा) ख्रिस्ती व्रतकाळ. पाश्चात्त्य चर्चमध्ये तो राखेच्या बुधवारी (कपाळी राख लावण्याच्या दिवशी) सुरू होतो, तर बायझंटाइन (पूर्वेकडील ग्रीक चर्चच्या) परंपरेत सोमवारी. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही त्याची तीन अंगे मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायावर आधारलेली असून कॅथलिक उपासनेत तोच उतारा राखेच्या बुधवारी वाचतात. लोकव्यवहारात सामिष वर्ज्य करण्याला अधिक महत्त्व आले. पण या काळाची घडण पवित्रशास्त्राच्या वाचनातून व श्रद्धाशिक्षणातून झाली, असे मानण्यास सबळ आधार आहे.

चाळीस दिवसांचा उगम : येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाचे हे स्मरण, असे धर्मशिक्षणात सांगितले जाते. इतिहासकारांना मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लीआँचा बिशप आयरिनीयस याने रोमचा बिशप व्हिक्टर याला लिहिलेले पत्र चौथ्या शतकातील इतिहासकार युसीबियसच्या चर्च-इतिहासात उतरले आहे. ईस्टरपूर्वी कोणी एक दिवस, कोणी दोन, तर कोणी त्याहून अधिक दिवस उपास करतात आणि काही जण रात्र धरून चाळीस तासांचा एक दिवस मोजतात, असे त्यात म्हटले आहे. रुफायनसने केलेल्या या इतिहासाच्या लॅटिन अनुवादात वाक्याचा विराम वेगळ्या जागी पडला आणि 'चाळीस' हा आकडा दिवसांना जोडला गेला. चाळीस दिवसांचा उपवास दुसऱ्या शतकाइतका जुना आहे, या समजाला त्यामुळे बळ मिळाले. हा पुरावा आता फारसा कोणी धरत नाही.

पहिला महत्त्वाचा उल्लेख नायसिया येथील बिशपांच्या परिषदेच्या (३२५) पाचव्या नियमात येतो. प्रांतिक धर्मसभांपैकी एक 'चाळिशी'पूर्वी (चाळीस दिवसांच्या काळापूर्वी) भरवावी, असे तो नियम सांगतो. ही चाळिशी ईस्टरनंतरची असावी, असेही मत मांडले गेले आहे. पण अलेक्झांड्रियाचा बिशप अथेनेशियस याची ३३० नंतरची सणपत्रे (ईस्टरनिमित्त दरवर्षी लिहिलेली पत्रे) पाहता ईस्टरपूर्व काळच अभिप्रेत असणे अधिक संभवते. उपासनेचे इतिहासकार टॉमस टॅली यांनी १९८६ मध्ये वेगळी उपपत्ती मांडली. त्यांच्या मते अलेक्झांड्रियात येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर, म्हणजे जानेवारीपासून, चाळीस दिवसांचा स्वतंत्र उपवास होता आणि नायसियानंतर तो ईस्टरच्या आधी आणून जोडला गेला. उपपत्ती आकर्षक आहे, परंतु तिचे काही मुख्य आधार बऱ्याच उत्तरकालीन कॉप्टिक (इजिप्तच्या ख्रिस्ती) लेखनात सापडतात. तिसऱ्या शतकातील सहा दिवसांचा ईस्टरपूर्व उपवास आणि बाप्तिस्म्याच्या तयारीचे आठवडे असे अनेक प्रवाह चौथ्या शतकात एकत्र आले, हे मत त्यामानाने सावध व ग्राह्य वाटते.

दिवसांची मोजणीही एकसारखी नव्हती. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात जेरूसलेमला गेलेली यात्रेकरू एजीरिया तेथील आठ आठवडे सांगते; रविवार आणि एक सोडून सगळे शनिवार वगळून ती एक्केचाळीस उपवासदिन मोजते. थोरला ग्रेगरी (पोपपद ५९०–६०४) सहा आठवड्यांतील छत्तीस दिवस धरतो आणि त्यांना वर्षाचा दशमांश म्हणतो. उणे असलेले चार दिवस पुढे बहुधा सातव्या शतकात जोडले गेले आणि आरंभ बुधवारवर आला. मिलानच्या अँब्रोझियन परंपरेत हा काळ आजही रविवारी सुरू होतो. बेनेव्हेन्तोच्या धर्मसभेने (१०९१) राख लावण्याचा विधी सर्वांसाठी सांगितला.

शास्त्रवाचन व मनन : जेरूसलेममधील शिकवणीचे एजीरियाने केलेले वर्णन बारकाईचे आहे. रोज सकाळी तीन तास बिशप आसनावर बसून बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना उत्पत्तीपासून सारे शास्त्र समजावत असे. आधी शब्दार्थ, मग आध्यात्मिक अर्थ. उमेदवारांचे धर्मपिते व धर्ममाताही ऐकायला बसत. पाच आठवडे झाले की श्रद्धासूत्र (श्रद्धेचे थोडक्यात कथन) शिकवले जाई. त्या शतकाच्या मध्यास जेरूसलेमचा बिशप सिरिल याने तेथेच दिलेली व्याख्याने उपलब्ध आहेत.

या शिक्षणाचा ठसा वाचनक्रमावर राहिला. १९६९ च्या कॅथलिक वाचनक्रमात पहिल्या रविवारी अरण्यातील मोह, दुसऱ्या रविवारी येशूचे रूपांतर आणि तीन वर्षांच्या चक्रातील 'अ' वर्षी पुढे शोमरोनी स्त्री, जन्मांध व लाजर (योहान ४, ९ व ११) येतात. पाणी, प्रकाश, जीवन असा हा क्रम उघडच बाप्तिस्म्याकडे नेणारा आहे. शुभ (उत्तम) शुक्रवारी, म्हणजे येशूच्या मृत्यूच्या स्मरणदिनी, दुःखसहनाचे वर्णन दरवर्षी योहानाचेच असते. पुनरुत्थानाच्या जागरणात (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत) जुन्या करारातील सात व नव्या करारातील दोन वाचने आहेत. ती कमी करता येतात, मात्र तांबडा समुद्र ओलांडण्याचा प्रसंग (निर्गम १४) वगळता येत नाही. हे जागरण काही शतके शनिवारी सकाळीच उरकले जात होते. पोप बाराव्या पायसने १९५१ मध्ये ते प्रायोगिक स्वरूपात रात्री आणले. ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत पहिले वाचन प्रेषितांची कृत्ये यातून होते (पहा : ईस्टर).

प्रॉटेस्टंट मतभेद : १५२२ मध्ये झुरिकमध्ये उपवासकाळात सॉसेज खाल्ल्यावरून वाद पेटला आणि तेथील धर्मसुधारक झ्विंग्लीने अन्नस्वातंत्र्याची बाजू घेतली. ल्यूथरन व अँग्लिकन चर्चनी हा काळ राखला. प्युरिटन वळणाच्या, म्हणजे सणविधी शक्य तितके टाळणाऱ्या, मंडळ्यांनी तो सोडला.

महाराष्ट्र व गोवा : गोव्यातील इंग्रज जेझुइट टॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण (१६१६) हे मराठीतील या मननपरंपरेचे पहिले मोठे साधन. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या दुसऱ्या पुराणात (भागात) ख्रिस्ताचे दुःखसहन व पुनरुत्थान येते. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी ते रचले होते. गोवा वेल्हा येथे पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. वसईच्या कॅथलिकांत क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने (येशूच्या दुःखसहनाच्या टप्प्यांवरील प्रार्थना) शुक्रवारी केली जातात. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी अमेरिकन मराठी मिशनचा वारसा मूळचा प्युरिटन वळणाचा. तरी उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन क्रूसावरील सात उद्गारांवर प्रवचने करण्याची रीत आज मराठी मंडळ्यांत सर्वत्र परिचित आहे. ही तीन तासांची उपासना सतराव्या शतकाच्या अखेरीस पेरूतील लिमा येथे जेझुइट आलोन्सो मेसिया याने सुरू केली, असे सामान्यतः मानतात. सात उद्गारांपैकी तीन लूक, तीन योहान आणि एक मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांत आहे. बहुधा प्रत्येक उद्गारावर वेगळा वक्ता बोलतो व मध्ये गीत म्हटले जाते.