कठपुतळी की कापडी बाहुली? जयपूरहून नेमकं काय आणलंत?

जयपूरला जाऊन आलेल्या घरात दाराजवळच्या खिळ्याला हमखास एक जोडी लटकलेली दिसते, फेटेवाला राजा आणि घागऱ्यातली राणी. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘कठपुतळी आहे.’ पुष्कळदा ती कठपुतळी नसते, कापूस भरलेली बाहुली असते. दोन्ही राजस्थानच्याच आणि दोन्ही देखण्या. तरी नावाची ही गल्लत मला लागते, कारण एक घर सजवायला शिवलेली आहे आणि दुसरी नाचायला घडवलेली.

ओळखायचं असेल तर आधी डोक्यावर टिचकी मारा. कठपुतळीच्या नावातच काष्ठ आहे. तिचं डोकं लाकडात कोरलेलं असतं, बहुधा आंब्याच्या, आणि टिचकीला टक् असा आवाज येतो. कापडी बाहुलीचं डोकं बोटाखाली दबतं. तिचे नाक-डोळे दोऱ्याने भरलेले किंवा रंगाने काढलेले असतात. हात दाबून मात्र काही ठरवू नका. घोटाळा तिथेच होतो, कारण कठपुतळीचे हातही कापडाचेच, आत चिंध्या नाहीतर कापूस. त्यांना कोपर नाही, मनगट नाही. म्हणूनच दोरी ओढली की अख्खा हात ओढणीसारखा झोकात वर जातो.

मग घागरा वर करून बघा. आत पाय नसतात. आमच्या पुतणीने हे पाहिलं आणि ‘काका, ही तुटकी आहे’ म्हणून ती रडवेली झाली. तिच्या हातात दोरी देऊन बाहुलीला गिरकी घ्यायला लावली. घेर फुलला आणि तिचं रडं थांबलं. घागऱ्याचा घेर हेच या बाहुलीचे पाय. कापडी राणीला बहुतेकदा भरलेले पाय असतात, कधी टाके घालून केलेल्या मोजड्यासुद्धा. तिच्या डोक्यावरचा दोरा खिळ्याला अडकवण्यापुरता. कठपुतळीची एक दोरी डोक्यावरून निघून पाठीमागे कमरेला जाते, दुसरी दोन्ही हातांना जोडते आणि मधला फास थेट खेळवणाऱ्याच्या बोटांत असतो.

हे खेळवणारे म्हणजे राजस्थानातल्या नागौरकडचे भाट. खाट उभी करून पडदा बांधायचा, ढोलकी वाजवायला घरचंच माणूस, आणि तोंडात ‘बोली’ नावाची शिट्टी, बांबू आणि चामड्याची. बाहुली त्या शिट्टीतून चिवचिवते आणि ढोलकीवाला तिचं म्हणणं लोकांना उलगडून सांगतो. त्यांचा गाजलेला खेळ नागौरच्या अमरसिंह राठोडचा. १६४४ साली आग्र्याच्या किल्ल्यात, शाहजहानच्या दरबारात, त्याने सलाबतखान या मोगल सरदाराला ठार केलं. ती हकीकत या बाहुल्यांनी गावोगाव नेली. जुनी झालेली बाहुली भाट उकिरड्यावर टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. उदयपूरला देवीलाल सामर यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय लोककला मंडळात हे खेळ आजही बघायला मिळतात. तिकडे गेलात तर खरेदीच्या आधी खेळ बघा.

कापडी बाहुलीला मी कमी लेखत नाही. उरलेल्या बांधणीचे, लहरियाचे म्हणजे नागमोडी पट्ट्यांच्या कापडाचे तुकडे, काठाला गोटा म्हणजे जरीची पट्टी, आरशांचे टाके. हत्ती-पोपटांची लड आणि शेवटी घुंगरू. भरलेला उंट तर मला सगळ्यात आवडतो. २०१४ साली राजस्थानने उंटाला राज्यप्राणी केलं, त्यामुळे आठवण म्हणूनही तो शोभतो. मूल कुशीत घेऊन झोपणार असेल तर हाच आणा, फक्त आरसे नसलेला. कठपुतळीचा रंग तोंडात जायला नको आणि तिला पाणीही लागता कामा नये; कोरड्या फडक्याने पुसायची.

आपल्याकडे सिंधुदुर्गात पिंगुळी गावचे ठाकर समाजाचे कलाकार लाकडी कळसूत्री बाहुल्यांवर रामायण लावतात. त्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. त्या बाहुलीला कुणी ‘शोपीस’ म्हणालं तर आपल्याला जे वाटेल, तेच नागौरच्या भाटाला वाटत असणार.

तेव्हा दुकानात भाव विचारण्याआधी म्हणा, ‘भय्या, ज़रा नचाके दिखाओ.’ खरी कठपुतळी असेल तर दुकानदार फास बोटांत घेईल, मान डोलेल, हात कमरेवर येईल. नुसती लोंबकळली तर ती बाहुली आहे. आवडली तर घ्या, पण घरी आल्यावर तिला बाहुलीच म्हणा.