पांढरी कुपी, स्वच्छ कुपी

आपल्याकडे मणक्यातल्या सुईबद्दलची नेहमीची तक्रार सिझेरियनची: ‘ती सुई दिली तेव्हापासून कंबर धरते.’ ती भुलेची सुई. इथे विषय आहे तो गादी सरकून पायात कळ जाते तेव्हा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत सोडतात त्या स्टिरॉइडचा.

या पोकळीत १९०१ मध्ये पॅरिसला कोकेन सोडलं गेलं, १९५०च्या दशकात हायड्रोकॉर्टिसोन आलं. खरी गोष्ट सुरू होते ती नस मणक्यातून जिथून बाहेर पडते, त्या छिद्रातून सुई घालायला लागल्यावर. औषध नेमकं दुखऱ्या नसेपाशी पडतं. पण मज्जारज्जूला रक्त नेणाऱ्या बारीक धमन्याही तिथूनच आत शिरतात. २००२ मध्ये अमेरिकेतून तीन रुग्णांची नोंद आली: एक्स-रे किंवा सीटीवर सुई जागेवर दिसत होती, तरी इंजेक्शननंतर लगेच दोन्ही पाय लुळे पडले.

संशय गेला ‘कणयुक्त’ स्टिरॉइडवर. मिथाइलप्रेडनिसोलोनची कुपी ठेवून द्या, तळाशी पांढरा साका बसतो. हलवल्यावर दुधासारखी होते. डेक्सामेथासोन हे दुसरं स्टिरॉइड पाण्यासारखं स्वच्छ. २००८ मध्ये डुकरांच्या मानेतल्या धमनीत दोन्ही थेट सोडून पाहिली. पांढरं औषध मिळालेली शुद्धीवर आलीच नाहीत, डेक्सामेथासोनवाली सावरली. तरी ‘कणयुक्त’ हा शब्द फसवा आहे. काही औषधांचे सुटे कण रक्तपेशीहूनही लहान असतात, पण एकमेकांना चिकटून त्यांचा बोळा होतो आणि तो धमनी तुंबवू शकतो. शिवाय औषधात मिसळलेल्या परिरक्षकावरही बोट ठेवलं गेलं.

एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकी औषध नियामकाने इशारा दिला: क्वचित, पण दृष्टी जाणं, पक्षाघात, मेंदूतला झटका, मृत्यू. मार्ग कुठला, कुपी कुठली, हा भेद त्यात जवळपास पुसलाच गेला. टाळता आला असता असा गोंधळ. त्यात २०१२चं बुरशीने दूषित औषधाचं प्रकरण ताजं होतं. साठहून अधिक बळी गेले होते, पण तो मेंदूज्वर होता, स्टिरॉइडच्या कणांनी धमनी तुंबण्याशी त्याचा संबंध नव्हता.

२०१५च्या तज्ज्ञ-शिफारशींनी तो भेद परत आणला: मानेत छिद्राच्या मार्गाने पांढरी कुपी नको, कमरेत आधी स्वच्छ, पांढरी अडलं तरच.