रॅम कोण खातंय?

जुलैचा शेवटचा आठवडा. पीक विम्याची मुदत संपत आलेली, आणि दारव्ह्याकडच्या एका गावातल्या सेवा केंद्रासमोर सातबारा, पासबुकाची झेरॉक्स घेऊन लोक ओट्यावर बसलेले. आत स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं. माउस हलवला की बाण दोन-तीन सेकंदांनी सरकायचा. केंद्र चालवणारा पोरगा म्हणाला, "मशीन बुढं झालं, भाऊ. आता नवीनच घ्या लागते." मशीन ४ जीबी रॅमचं. क्रोममध्ये इतके टॅब उघडे की नावं दिसेनात, फक्त चिन्हं.

रॅम ही कॉम्प्युटरची हाताशी असलेली जागा. ती भरलेली दिसली म्हणजे बिघाड झाला असं नाही. रिकामी पडून राहिलेली रॅम कुणाच्याच कामाची नसते. अडतं ते पुढे. जागा पुरेनाशी झाली की विंडोज काही मजकूर उचलून हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवतं आणि लागला की परत आणतं. रॅममधून तुकडा यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे लाखपट. घरच्या डब्यातून मूठभर मूग काढायला एक मिनिट धरलं, तर लाख मिनिटांचे ६९ दिवस होतात. पेरलेला मूग तोडणीला येतो, जवळपास तेवढेच. तो बाण अडखळत होता तो या येरझाऱ्यांमुळे.

ब्राउझर एवढी रॅम का घेतो? २००८ साली क्रोम आला तो प्रत्येक टॅबला शक्यतो वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतःची रॅम घेऊन स्वतंत्र चालणारं काम, देत. एक पान कोसळलं तरी बाकीची तगतात. २०१८च्या सुरुवातीला प्रोसेसरमधली 'स्पेक्टर' नावाची त्रुटी उघड झाली, आणि त्याच वर्षी क्रोमने डेस्कटॉपवर वेगवेगळ्या साइट्स वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायला सुरुवात केली, म्हणजे एका साइटला दुसरीचा पासवर्ड चोरता येऊ नये. बँकेचं काम करणाऱ्या केंद्रासाठी हे संरक्षण फार मोलाचं आहे. त्याची किंमत आपण रॅममध्ये मोजतो.

मी त्या पोराला क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबायला लावली. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडला. 'मेमरी फूटप्रिंट' या रकान्यावर क्लिक केलं तशी सगळ्यात खादाड ओळ वर आली. विम्याचा अर्ज बराच खाली होता. वर होतं सकाळपासून उघडं राहिलेलं बातम्यांचं पान, आणि त्याच्याशिवाय 'सबफ्रेम' नावाच्या कितीतरी ओळी: त्यातल्या जाहिरातींच्या वेगळ्या प्रोसेस. एवढं एकच पान बंद केलं आणि थोड्या वेळात बाण बोटाबरोबर पळू लागला. म्हणून नुसते टॅब मोजत बसू नये. दहा साधी पानं परवडतात, जाहिरातींनी भरलेलं एक परवडत नाही.

फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत 'about:processes' असं टाइप केलं की अशीच यादी दिसते.

मर्यादा घालायची तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' चालू करावा. न वापरलेला टॅब तो रॅममधून उतरवतो. नाव वरच राहतं, क्लिक केलं की पान पुन्हा लोड होतं. अर्धवट भरलेला अर्ज असलेल्या टॅबला तो सहसा हात लावत नाही. तरी कामाच्या साइट्स 'नेहमी चालू ठेवा'च्या यादीत घालाव्यात, कारण गावच्या नेटवर पान दुसऱ्यांदा उघडेपर्यंत ओट्यावरचा माणूस ताटकळतो. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये असंच काम 'स्लीपिंग टॅब्ज' करतात. विनाकारण बसवलेली एक्स्टेंशन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, तीही काढून टाकावीत. त्यांच्याही ओळी त्या यादीत असतात.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर पोराने मशीन बंद करून त्याचं कॅबिनेट उघडलं. रॅमचा दुसरा स्लॉट रिकामाच होता. यवतमाळला जाईल तेव्हा ४ जीबीची आणखी एक स्टिक आणायची, एवढं त्याने पावतीच्या पाठीवर लिहून ठेवलं.