दोन सह्या आणि दोन तपासण्या

दोन डॉक्टरांच्या सह्या मिळाल्या की माणसाला मनोरुग्णालयात भरती करता येतं, असा समज यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत पक्का बसलेला आहे. त्यामुळे पहिली सही झाली की नातेवाईक तीच चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरपुढे ठेवतात आणि घाईत दुसरी सहीही मिळते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ला हे अजिबात अपेक्षित नाही.

रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाने नेमलेल्या किंवा कायद्याने ठरलेल्या व्यक्तीच्या) अर्जावरून कलम ८९ खाली त्याला ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. मात्र दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत दोघांनी त्याला तपासलेलं हवं. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो. दुसरा ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधिकारीही चालतो. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका आहे का, किंवा स्वतःची काळजी घेता न आल्याने त्याला अपाय होण्याचा धोका आहे का, याचा निष्कर्ष दोघांनी स्वतंत्रपणे काढायचा असतो. या 'स्वतंत्रपणे' शब्दावर सगळं उभं आहे.

समजा, प्रत्येक डॉक्टर शंभरात १० वेळा चुकतो. दोघांच्या चुका एकमेकांशी संबंध नसलेल्या असतील, तर दोघंही एकाच रुग्णाबाबत चुकण्याची शक्यता ०.१ गुणिले ०.१, म्हणजे शंभरात १. पण दुसऱ्याने पहिल्याची चिठ्ठी वाचून मान डोलावली, तर चूक शंभरात १० वरच राहते. वर आता त्या चुकीवर दोन शिक्के बसलेले असतात, म्हणून ती शोधायलाही कोणी जात नाही.

तज्ज्ञ माणूस चिठ्ठीला भुलत नाही, असं वाटत असेल तर १९६८ सालचा एक प्रयोग पाहा. मॉरिस टेमरलिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मानसिकदृष्ट्या निरोगी माणसाची भूमिका करणाऱ्या नटाची मुलाखत ध्वनिमुद्रित केली. ती ऐकवण्याआधी एका प्रतिष्ठित तज्ज्ञाचं मत कानावर घातलं : हा वरवर न्यूरोटिक (सौम्य मानसिक त्रास असलेला) वाटतो, पण खरं तर सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटणाऱ्या गंभीर आजाराचा) रुग्ण आहे. ऐकणाऱ्या २५ मनोविकारतज्ज्ञांपैकी १५ जणांनी सायकोसिसचं निदान केलं. ज्यांना असं काही सांगितलं नव्हतं, त्या गटांत एकानेही ते केलं नाही.

दोन डॉक्टरांचं एकमत मोजायला 'कप्पा' नावाचा आकडा वापरतात. समजा, १०० रुग्णांपैकी दोघांनीही प्रत्येकी ९० जणांना 'आजार आहे' म्हटलं आणि ८६ रुग्णांबाबत त्यांचं मत जुळलं. ऐकायला भरघोस वाटतं. पण ९० टक्के 'हो' म्हणणारे दोघं डोळे मिटूनही ८२ वेळा जुळतील (०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१). योगायोगापलीकडचं एकमत फक्त ४ (८६ वजा ८२), तेही शक्य असलेल्या १८ पैकी (१०० वजा ८२). ४ भागिले १८, म्हणजे कप्पा ०.२२. आता गंमत अशी की नक्कल केली तर कप्पा थेट १ येतो. म्हणून परिपूर्ण एकमत दिसलं की आधी दोन्ही नोंदींच्या वेळा तपासाव्यात.

आपल्याकडे दोन तपासण्यांचं हे स्वातंत्र्य बिघडतं ते लहान लहान कारणांनी. दोन्ही डॉक्टरांना हकिकत सांगणारा भाऊ एकच असतो, आणि कधी भांडण शेताच्या वाटणीचंही असतं. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या रुग्णाचं उत्तर मुलगाच मराठीत देतो. पहिल्या ठिकाणी शांत करायचं इंजेक्शन दिलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्याला अर्धवट झोपेतला माणूस दिसतो. मांत्रिकाने दोन दिवस उपाशी बांधून ठेवलं असेल तर शरीरातलं पाणी कमी होऊन गोंधळ आणखी वाढतो. भूत काढायच्या नावाखाली दोरखंडाने बांधणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि साखळदंडाने बांधायला २०१७ च्या कायद्यातही मनाई आहे.

दुसऱ्या तपासणाऱ्याने आधी रुग्णाशी एकट्याने बोलावं, नातेवाईक सोडून दुसरा दुभाषी घ्यावा, आपलं मत वेळेसह लिहावं आणि मगच चिठ्ठी उघडावी. नातेवाइकांची माहिती घ्यायला कायद्याची ना नाही, पण ती स्वतः विचारून घ्यावी. इंजेक्शनचं नाव, मात्रा आणि वेळ पहिल्याने लिहून द्यावी.

वैद्यकीय अधिकाऱ्याचा खरा उपयोग शरीराचा आजार ओळखण्यात आहे. लक्ष एका जागी टिकतं का, हे पाहायला वार उलटे म्हणायला सांगावेत : रविवार, शनिवार, शुक्रवार. पोळा झाला की व्हायचा आहे, हेही विचारावं. तासागणिक शुद्ध कमीजास्त होत असेल, समोर नसलेले किडे-साप दिसत असतील, तर आधी शरीराचा आजार शोधावा : ताप, साखर, सोडियम. रोजची दारू बंद होऊन दोन-चार दिवस झालेत का, तेही विचारावं. फवारणीच्या विषबाधेवर दिलेलं ॲट्रोपिन जास्त झालं तरी तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, आणि माणूस हवेतून काहीतरी वेचत बसतो. अशाला मनोरुग्णालयाच्या वाटेला लावणं जिवावर बेतू शकतं.

दोघांचं जुळलं नाही तर कलम ८९ ची भरती होत नाही. बाह्यरुग्ण विभागातला उपचार किंवा रुग्णाने स्वतःहून दाखल होणं, हे मार्ग उरतात. भरती झालीच तर स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास ३ दिवसांत, इतरांबाबत ७ दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला (याच कायद्याने नेमलेल्या देखरेख मंडळाला) कळवावं लागतं. ३० दिवसांपुढे ठेवायचं तर दोन मनोविकारतज्ज्ञांनी नव्याने, पुन्हा वेगवेगळं तपासावं लागतं.

नागपूरच्या मनोरुग्णालयाकडे निघताना पिशवीत गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, जुने कागद आणि फवारणी केली असेल तर औषधाच्या डब्याचं लेबल घ्यावं. निघण्याआधी सल्ला हवा असेल तर १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर फोन करता येतो.